स्क्रीनवर लांबी दिसते, यादीत शून्य

या महिन्यात पेटीत आलेल्या पत्रांतली तीन निवडली आहेत. एक म्हार्दोळहून, एक फर्मागुडीहून, एक डिचोलीहून. तिघांच्याही स्क्रिप्टमधून बाहेरची एखादी कमांड चालते, आणि तिघांनाही तिनं दिलेलं उत्तर हातात नीट येत नाही. तिन्ही उत्तरं वाचावीत अशी विनंती आहे, कारण पहिल्यात सांगितलेलं पुढच्या दोन्ही ठिकाणी लागतं. कोड इथं देवनागरीत, जसा तोंडानं वाचतो तसा दिला आहे. टंकताना अर्थातच रोमन लिपीत टंकावा.

प्रश्न: ताई, आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी भाच्यानं गेल्या पावसाळ्यात संगणकावर उतरवल्या. ४१२ फायली झाल्या. प्रत्येक फाईल किती मिनिटांची आहे याची यादी हवी होती, म्हणून त्यानं पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहून दिली. ती एकेका फाईलवर एफएफप्रोब ही फाईलची माहिती सांगणारी कमांड चालवते. काळ्या खिडकीत आकडे भराभर धावताना दिसतात, पण यादीत जवळजवळ प्रत्येक नावापुढे ० येतो. ३७ नावांपुढे मात्र १ आलाय. त्या ३७ फायली भाच्यानं नव्हे, मंडळातल्या दुसऱ्या एका सदस्यानं उतरवल्या आणि नावं त्यांनीच दिली. भाचा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो, त्याला सारखा फोन करणं बरं वाटत नाही. मी ६८ वर्षांचा आहे, पण शिकायची तयारी आहे. मशीन विंडोजचं आहे. (एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर: भाऊ, पत्रासोबत स्क्रिप्टची छापील प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. त्यामुळे अंदाज करावा लागला नाही. बाहेरची कमांड चालवायला भाच्यानं पायथॉनमधलं ओएस.सिस्टम वापरलंय. त्यातून जे परत मिळतं ते त्यानं लांबी समजून यादीत लिहिलं. ती लांबी नव्हे.

कुठलीही कमांड चालली की तिच्याकडून तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे तिचं खरं उत्तर, ज्याला स्टँडर्ड आउटपुट म्हणतात. दुसरी तिच्या तक्रारी आणि सूचना. त्या वेगळ्या वाटेनं येतात, ती वाट स्टँडर्ड एरर. तिसरा एक छोटा आकडा, जो ती संपताना मागे ठेवते, तो एक्झिट कोड. ० म्हणजे काम ठीक झालं, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी अडलं. ओएस.सिस्टम तुमच्या हातावर फक्त हा तिसरा आकडा ठेवतं. उत्तर आणि तक्रारी दोन्ही सरळ स्क्रीनवर जातात. त्या तुमच्या डोळ्यांना दिसतात, पण स्क्रिप्टच्या हाती काही लागत नाही. म्हणून तुमच्या यादीतला ० सांगतोय की ही फाईल एफएफप्रोबनं ठीक वाचली. ३७ ठिकाणचा १ सांगतोय की तिथं काम झालं नाही. यादी टाकून देऊ नका, त्या ३७ फायली कुठल्या ते तिनंच दाखवून दिलंय.

तुम्ही लिहिलंय की त्या ३७ फायली मंडळातल्या दुसऱ्या एका सदस्यानं उतरवल्या आणि नावं त्यांनीच दिली. भाच्याची नावं 'गवळण_०१२' अशी, मधे रेघ घालून जोडलेली. त्यांची नावं 'अभंग & भैरवी, म्हार्दोळ' अशी, मोकळी जागा सोडून. घोटाळा इथंच आहे. ओएस.सिस्टमला दिलेली ओळ आधी विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट वाचतो. मोकळ्या जागेवर नावाचे तुकडे पडतात, आणि प्रॉम्प्ट & दिसलं की तिथं एक कमांड संपली, पुढे दुसरी सुरू झाली असं धरतो. मग 'अभंग' नावाची फाईल शोधली जाते, ती नसते. आणि 'भैरवी' नावाचा प्रोग्रॅम चालवायचा प्रयत्न होतो, तोही नसतो. लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, अर्धविराम, डॉलर आणि अवतरण चिन्हंही असाच घात करतात. फाईलचं नाव बाहेरच्या माणसानं दिलेलं असेल तर हे नुसतं गैरसोयीचं राहत नाही, धोक्याचं होतं: नावातच दुसरी कमांड लपवून ती तुमच्या मशीनवर चालवता येते. त्यामुळे कमांड एका लांब ओळीत चिकटवून देण्याची सवयच सोडावी.

तिच्या जागी सबप्रोसेस.रन वापरा. सबप्रोसेस हे मॉड्यूल पायथॉन २.४ पासून, म्हणजे २००४ पासून आहे. त्यातलं रन २०१५ मध्ये ३.५ सोबत आलं, आणि आपल्याला हवी असलेली कॅप्चर_आउटपुट ही सोय २०१८ मध्ये ३.७ सोबत. तुमच्याकडे त्याहून नवीन आवृत्ती आहे, तेव्हा काळजी नाही. कमांड यादीच्या रूपात द्यायची, एकेक शब्द वेगळ्या खणात:

कमांड = ["एफएफप्रोब", "-व्ही", "वॉर्निंग", "-शो_एन्ट्रीज", "फॉरमॅट=ड्युरेशन", "-ऑफ", "सीएसव्ही=पी=०", फाईलचं_नाव]

निकाल = सबप्रोसेस.रन(कमांड, कॅप्चर_आउटपुट=ट्रू, एन्कोडिंग="यूटीएफ-८", एरर्स="रिप्लेस")

यादी दिली की मधे कमांड प्रॉम्प्ट येतच नाही. 'अभंग & भैरवी, म्हार्दोळ' हे अख्खं नाव शेवटच्या खणात बसतं आणि एफएफप्रोबकडे तसंच पोचतं. तिन्ही गोष्टी आता 'निकाल'मध्ये आहेत: निकाल.एसटीडीआउट, निकाल.एसटीडीएर आणि निकाल.रिटर्नकोड.

एन्कोडिंग, म्हणजे आलेल्या बाइटांची अक्षरं कशी करायची ते, मुद्दाम लिहिलंय, ते गाळू नका. अनेक ठिकाणी टेक्स्ट=ट्रू एवढंच लिहिलेलं आढळेल. इंग्रजी विंडोजवर त्याचा अर्थ होतो की आलेले बाइट १२५२ क्रमांकाच्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजनं, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यानं, वाचा. एफएफप्रोब तक्रार करताना फाईलचं नाव लिहितं, आणि ते यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीनं, लिहितं. 'गवळण' या नावाचं नुसतं कडबोळं होईल, स्क्रिप्ट पुढे चालेल. 'म्हार्दोळ' आलं की अडेल. कारण आपला पाय मोडण्याचा, म्हणजे हलन्ताचा जो कोड आहे त्याचा तिसरा बाइट ८डी आहे, आणि १२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. मग 'चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट' अशी लांबलचक तक्रार येते. साधं अक्षर चालतं, जोडाक्षर आलं की प्रोग्रॅम मोडतो, असं कुणी सांगितलं तर पहिला संशय इथं घ्यावा. मराठीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ठाऊक असलंच पाहिजे, कारण ज्यांनी ती उदाहरणं लिहिली त्यांच्या नावांत जोडाक्षरं नव्हती.

आता लांबी. निकाल.एसटीडीआउटमध्ये '१८४३.२५३०६१' असा मजकूर येईल, त्यामागे ओळ संपल्याची खूण. स्ट्रिप लावून ती काढा, फ्लोट लावून आकडा करा, ६० नं भागा. हे झाले ३० मिनिटं ४३ सेकंद. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू साधारण एवढीच भरते, ९० च्या कॅसेटची ४५ च्या आसपास. एखादी बाजू १२ मिनिटांची निघाली तर ती कॅसेट उतरवताना मधेच थांबली असेल, पुन्हा लावून पाहा. पण आकडा करण्याआधी रिटर्नकोड शून्य आहे का ते तपासा, आणि मजकूर 'एन/ए' नाही ना तेही. एफएफप्रोबला लांबी समजली नाही की ते असं लिहितं.

अजून एक, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. '-व्ही'पुढे कुठल्या तक्रारी दाखवायच्या ते लिहायचं असतं. अनेक जण '-व्ही एरर' लिहितात, मी 'वॉर्निंग' लिहिलंय. एमपी३ फायलीत कधीकधी लांबीची नोंदच नसते. तेव्हा एफएफप्रोब फाईलचा आकार आणि बिटरेट (सेकंदाला किती बिट) यांवरून अंदाज बांधतं, एक्झिट कोड ० ठेवतं, उत्तर म्हणून एक नीटनेटका आकडा देतं, आणि दुसऱ्या वाटेनं हळूच सांगतं की हा अंदाज आहे, चुकीचा असू शकतो. उत्तर आलं, कोडही शून्य. तरी आकडा भरवशाचा नाही, आणि ते सांगणारी जागा फक्त स्टँडर्ड एरर. म्हणून तुमच्या यादीत तीन रकाने करा: नाव, मिनिटं, शेरा. शेऱ्यात निकाल.एसटीडीएर जसंच्या तसं टाका. ज्या ओळीत शेरा रिकामा तिथली मिनिटं पक्की. पन्नास वर्षांनी ही यादी मंडळातलं कुणी उघडेल तेव्हा त्याला कळायला हवं की कुठला आकडा मोजलेला आणि कुठला अंदाजाचा.

तक्रारींसाठी वेगळी वाट का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीत एका कमांडचं उत्तर दुसरीत सोडणारी नळी, म्हणजे पाइप, केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये बसवली. कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडून ठेवली होती. सुरुवातीला उत्तर आणि तक्रार एकाच वाटेनं जायचे. सत्तरच्या दशकात युनिक्स जिथं घडलं त्या बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर, म्हणजे प्रकाशानं अक्षरं उमटवणारं यंत्र, होता, त्यावर मजकूर जुळवायला पाठवला की कधी कधी मजकुराऐवजी चुकीचा संदेशच सुबक अक्षरांत जुळून यायचा आणि महागडा कागद फुकट जायचा. असं काही वेळा झाल्यावर तक्रारींना स्वतंत्र वाट मिळाली. मी छापखान्यात वाढले. फुकट गेलेल्या फिल्मचा वास मला अजून आठवतो, त्यामुळे ही हकीकत ज्या दिवशी वाचली त्या दिवसापासून स्टँडर्ड एरर मी कधी फेकून दिलेलं नाही.

प्रश्न: ताई, मी फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजोबांनी जपून ठेवलेले जुने मराठी अंक मी स्कॅन केलेत आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं त्यातला मजकूर काढते आहे. एका अंकाची सगळी पानं एका टिफ फाईलमध्ये आहेत. पाच पानांचा अंक सुरळीत होतो. सोळा पानांचा दिला की स्क्रिप्ट गप्प बसते, रात्रभर ठेवली तरी संपत नाही. तीच कमांड टर्मिनलमध्ये हातानं चालवली तर काही मिनिटांत होते. कमांड सुरू करायला मी पीओपन वापरलंय, मग ती संपेपर्यंत थांबणारं वेट, मग तिचं उत्तर वाचणारं रीड. (एक विद्यार्थिनी)

उत्तर: तुझी शेवटची ओळ वाचली आणि कारण कळलं. वेट आधी, रीड नंतर, हा क्रम तुला नडला.

पीओपनला एसटीडीआउट=पाइप सांगितलंस की टेसरॅक्ट आणि तुझी स्क्रिप्ट यांच्यामध्ये एक नळी बसते. तिची जागा लिनक्सवर ६५,५३६ बाइट. आपल्याकडच्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस (पाणी सोडायचं दार) पाहिली असशील. दार मिटलेलं असलं की आतलं पाणी पोंयीत, म्हणजे दाराआतल्या तळ्यात, साचत जातं, आणि पोंय भरली की वरून येणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही. इथंही तेच झालं. टेसरॅक्ट लिहीत गेलं, नळी भरली, आणि कुणीतरी वाचून जागा मोकळी करेल म्हणून ते थांबलं. तुझी स्क्रिप्ट वेटवर उभी होती, टेसरॅक्ट संपेल मग वाचू म्हणून. दोघंही एकमेकांची वाट पाहत राहिले. रात्रभर काय, महिनाभर ठेवलं असतंस तरी ते तसेच राहिले असते. टर्मिनलवर अडत नाही, कारण तिथं टर्मिनल सतत वाचत असतो.

पाच आणि सोळा पानांमधला फरक हिशोबानं बघ. देवनागरीची प्रत्येक खूण, मग ती अक्षर असो, काना असो की अनुस्वार, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. एका पानावर अशा अडीच हजार खुणा धरल्या तर एक पान साडेसात हजार बाइटचं. पाच पानं साडेसदतीस हजार, नळीत मावतात. नवव्या पानाच्या सुमारास नळी भरते. तुझ्या वर्गातल्या कुणी हीच स्क्रिप्ट इंग्रजी अंकावर चालवली असती तर त्याला हा त्रास कितीतरी उशिरा झाला असता, आणि तुझीच काहीतरी चूक असेल असं सगळे म्हणाले असते.

उपाय सोपा आहे. वेट आणि रीड दोन्ही काढ, त्यांच्याऐवजी कम्युनिकेट एकदाच बोलाव. ते दोन्ही वाटा एकाच वेळी वाचत राहतं आणि कमांड संपल्यावर दोन्हींचा मजकूर तुझ्या हातात देतं. मधे काही करायचं नसेल तर पीओपनचीही गरज नाही, वर भाऊंना सांगितलेलं रन पुरे. आतून ते कम्युनिकेटच वापरतं. आधी एसटीडीआउट पूर्ण वाचू, मग एसटीडीएर वाचू, असं मात्र करू नकोस. टेसरॅक्ट आपले शेरे दुसऱ्या वाटेनं लिहितं, आणि ती नळीही तेवढीच आहे. बत्तीस पानांचा एखादा खराब स्कॅन मिळाला की तिथं अडशील.

रनला टाइमआउट=९०० असंही दे. पंधरा मिनिटांत एखादा अंक झाला नाही तर ती कमांड मारली जाईल आणि टाइमआउटएक्स्पायर्ड असा अपवाद हाती येईल. तो पकडून अंकाचं नाव लिहून ठेव आणि पुढच्या अंकाला जा. सकाळी उठून पाहिल्यावर कुठला अंक राहिला ते कळेल. आणि टेसरॅक्टला भाषा 'मार' (मराठी) सांगतेस ना ते बघ. 'हिन' (हिंदी) दिलं तर ळ फार चुकतो.

आजोबांना माझा नमस्कार सांग. अंक सांभाळून ठेवणारी माणसं थोडी असतात.

प्रश्न: आमच्या शाळेच्या कार्यालयात मी लेखनिक आहे. फी आणि दाखल्यांच्या डेटाबेसची रोज रात्री प्रत काढणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, चालते. डेटाबेसचा मजकूर बाहेर काढणारं मायएसक्यूएलडम्प, मग पाइप, मग तो दाबून लहान करणारं जीझिप, आणि शेवटी 'बॅकअप झाला' अशी नोंद. हातानं चालवली तर नीट होते. रात्रीची फाईलही रोज तयार होते, पण ती फार लहान वाटते. चालेल ना? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: नाही चालणार. हे उत्तर अंक छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला वेगळं पत्र आधीच टाकलंय. तरी इथं लिहिते, कारण अशा स्क्रिप्ट गावोगावी चालू आहेत.

२०१३ मध्ये मी म्हापशातल्या एका छोट्या छापखान्याचे संगणक सांभाळत होते. तिथं वर्गणीदारांची यादी होती, आणि अगदी तुमच्यासारखीच ओळ: डम्प, पाइप, जीझिप, आणि सगळं नीट झालं तर 'बॅकअप झाला' असं लिही. मार्चमध्ये कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, स्क्रिप्टमध्ये बदलला नाही. जूनमध्ये पहिल्या गडगडाटी पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि डिस्क उठली नाही. प्रत काढायला गेले तर प्रत्येक रात्रीची फाईल जागेवर, नोंदवहीत रोज 'बॅकअप झाला', आणि प्रत्येक फाईल २० बाइटची. जीझिपला काहीही दिलं नाही तरी ते एक रिकामी पण नियमाला धरून असलेली फाईल बनवतं, आणि ती बरोबर २० बाइटची असते. वर्गणीदारांची नावं आम्ही टपालाच्या जुन्या वेष्टनांवरून आणि पावतीपुस्तकांवरून पुन्हा टंकली. तीन आठवडे लागले. काही पत्ते मिळालेच नाहीत. ते लोक अंकाची वाट बघत राहिले असतील, हे मला अजून टोचतं.

झालं असं की पाइपनं जोडलेल्या कमांडींचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडीचा कोड. डम्प पहिल्या पायरीवर पडला, त्यानं २ दिला नसता तरच नवल. पण शेवटी जीझिप होतं, त्याचं काम उत्तम झालं, त्यानं ० दिला आणि स्क्रिप्टनं तोच वाचला.

तुम्ही स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत बॅश आहे का ते पाहा, आणि तिच्याखाली 'सेट -ओ पाइपफेल' लिहा. मग मधली कुठलीही कमांड पडली तरी सगळी ओळ पडली असं धरलं जातं. यावरही थांबू नका. मायएसक्यूएलडम्प पूर्ण झालं की फाईलच्या शेवटी 'डम्प कम्प्लीटेड ऑन' आणि तारीख अशी ओळ लिहितं. प्रत उलगडून ती शेवटची ओळ आहे का हे स्क्रिप्टनंच तपासावं, आणि असेल तरच 'बॅकअप झाला' लिहावं.

हातानं चालते आणि रात्री चालत नाही, याचं कारण बहुधा पाथ. तुम्ही लॉग-इन करता तेव्हा मशीन कमांडी अनेक फोल्डरांत शोधतं. क्रॉन बहुतेक ठिकाणी यूएसआर-बिन आणि बिन या दोनच जागी बघतो. तुमचं मायएसक्यूएलडम्प यूएसआर-लोकल-बिनमध्ये असेल तर त्याला ते सापडत नाही, कोड १२७ येतो, आणि जीझिप आपली रिकामी फाईल बनवून मोकळं होतं. स्क्रिप्टमध्ये कमांडीचा पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनच्या ओळीच्या शेवटी दोन्ही वाटा एका नोंद-फाईलमध्ये वळवा: आधी '>>' आणि फाईलचं नाव, त्यानंतर '२>&१'. क्रम उलटा केलात तर तक्रारी फाईलमध्ये जाणार नाहीत.

आजवरच्या तक्रारी मात्र कदाचित अजून तिथंच असतील. मशीनवर टपालाची सोय बसवलेली असेल तर क्रॉन स्टँडर्ड एररवर आलेला प्रत्येक संदेश त्याच मशीनवरच्या टपालपेटीत टाकतो. म्हापशाला माझ्या नावानं नव्वदच्या आसपास पत्रं साचली होती, मार्चपासून जूनपर्यंत रोज रात्री एक, आणि ती पेटी कुणी उघडलेली नव्हती. आज शाळा सुटल्यावर टर्मिनलमध्ये 'मेल' टंकून पाहा. पत्रं दिसली तर सगळ्यात जुनं आधी उघडा. त्यावर जी तारीख असेल, तिच्या आदल्या रात्रीची प्रत ही तुमची शेवटची खरी प्रत असण्याची शक्यता आहे. ती आधी पेनड्राइव्हवर घ्या, मग स्क्रिप्टला हात लावा.